फ्लश केला की कमोडमधलं पाणी बाहेर उडतं – काय काय तपासू?

शेवंती
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी घरातल्या बाथरूमचं काम काढलं. आईच्या खोलीला लागून आहे तिथे जमिनीवरचं जुनं कमोड काढून भिंतीवर बसणारं रिमलेस (कडेखाली पोकळ रिम नसलेलं) कमोड लावलं. खालची फरशी मोकळी राहील, पुसायला सोपं पडेल, एवढाच विचार होता. टाकी नाही, बटण दाबलं की पाइपातलं पाणी थेट सोडणारा फ्लश व्हॉल्व्ह भिंतीत आहे. तो जुनाच ठेवला, कारण चांगला चालत होता.

आता होतं असं की बटण दाबलं की क्षणभरात पुढच्या बाजूने पाण्याचा फवारा उसळतो. सीट भिजते, आणि कमोडच्या पुढे दोन पंजे मावतील एवढा भाग ओला होतो. दर वेळी. आईचं वय ७४, मागच्या वर्षी गुडघा बदललाय, वॉकर घेऊन चालते. ओल्या टाइलवर वॉकरची रबरी टोपणं सरकतात. परवा मी स्वयंपाकघरात होते आणि आतून बादलीचा आवाज आला. जाऊन बघते तर आई फ्लश न वापरता अर्धी बादली उचलून ओतत होती. मला म्हणाली, "मग पुसायला तुला बोलवावं लागत नाही गं." तेव्हापासून जिवाला चैन नाही.

प्लंबर तीनदा येऊन गेला. म्हणतो, "ताई, या मॉडेलला असंच होतं." दुकानदार म्हणतो फिटिंग चुकलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर अगदी हेच मॉडेल आहे, त्यांच्याकडे थेंबभरही बाहेर येत नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, प्रेशर पंप नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा, प्लीज.

रानजाई
फ्लश करायच्या आधी झाकण बंद केलं तर? आमच्याकडे तेच करतो.

शेवंती
केलं करून. पाणी झाकणाला आपटून सीटच्या खाली साचतं आणि नंतर बिजागरीच्या बाजूने खाली टपटपतं. शिवाय आईला वळून, वाकून झाकण पाडणं जमत नाही.

सातारकर_आबा
टाकीत पाण्याची भरलेली बाटली नाहीतर वीट ठेवा. पाणी कमी सुटेल, उडणार नाही. आम्ही वीस वर्षांपूर्वी केलं होतं, पाण्याची बचतही झाली. किंवा टाकीखालचा अँगल कॉक अर्धा बंद करा.

नळजोड
आबा, राग मानू नका, पण यांच्याकडे टाकीच नाही. भिंतीतला फ्लश व्हॉल्व्ह आहे. आणि टाकी असती तरी दोन्ही उपायांचा इथे उपयोग नव्हता. बाटली ठेवली की पाणी कमी सुटतं हे खरं, पण सुटतं त्याच वेगाने. उडणं वेगावर आहे, आणि ते पहिल्या सेकंदातच होतं. अँगल कॉक बंद केल्याने फक्त टाकी सावकाश भरते. एकदा भरली की फ्लशचा जोर तोच. विटेचं तर नावच नको, ती पाण्यात झिजते आणि तिचा चुरा वॉशरखाली अडकून टाकी गळायला लागते.

मी ठाण्यात २२ वर्षं प्लंबिंगची कामं करतो. ताई, तुम्ही सगळी माहिती दिलीत, त्यामुळे बोलायला सोपं जातंय. कमोडमधून पाणी बाहेर येण्याच्या दोनच बाजू असतात. एक तर पाणी आत येतंय ते जास्त जोरात किंवा वाकड्या दिशेने येतंय. नाहीतर खालून जायला हवं तेवढं जात नाही, म्हणून भांडं भरून वर येतंय. कुठली बाजू आहे हे कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. तीन फेऱ्या मारूनही तुमचा प्लंबर इथेच अडकलाय.

बादली घ्या. आठ-दहा लिटर पाणी कमरेइतक्या उंचीवरून एकदम, पण भांड्याच्या मधोमध ओता. घडघड आवाज करत सगळं ओढलं गेलं आणि पातळी लगेच जागेवर आली तर खालची लाइन साफ आहे. पाणी वर चढून हळूहळू उतरलं तर ट्रॅपमध्ये (कमोडच्या खालच्या, पाणी साचून राहणाऱ्या वळणात) किंवा पुढे अर्धवट चोकअप आहे. नवीन कामात हे नेहमी सापडतं. टाइल्सवाल्यांनी ग्राउटचं पाणी कमोडच्या लाइनमध्येच ओतलेलं असतं, ते आत दगडासारखं घट्ट होतं. सिमेंटच्या पिशवीचा तुकडा, पाइपच्या तोंडात कोंबलेलं आणि काढायला विसरलेलं गोणपाट, हे सगळं मी स्वतःच्या हाताने बाहेर काढलंय.

तुमच्या सातव्या मजल्याची गोष्ट वाचून मला एक संशय आहे, पण आधी बादली.

लिंबोणी
आमचं लातूरकडे बोअरचं पाणी. दोन-तीन वर्षांत रिमखालची भोकं क्षाराने बुजतात. मग जी दोन-चार उघडी असतात त्यांतून पाणी पिचकारीसारखं सुटतं, आणि एखाद्या भोकाच्या तोंडाशी खडा जमला असेल तर धार सरळ वर उडते. मी छोटा आरसा रिमखाली धरून टॉर्चने बघते, भोकं एका नजरेत मोजता येतात. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात कालवून, त्यात टिश्यूच्या वळकट्या भिजवून रिमखाली रात्रभर दाबून ठेवते. सकाळी जुना टूथब्रश आणि वायरचं टोक. खडे पापुद्र्यासारखे निघतात.

नळजोड
लिंबोणीताईंचा उपाय रिम असलेल्या कमोडला अगदी बरोबर आहे, आरशाची युक्ती तर माझ्या पोरांनाही शिकवतो. शेवंतीताईंचं भांडं रिमलेस आहे, त्याला भोकंच नसतात, म्हणून तिथे लागू नाही.

जाता जाता सगळ्यांसाठी. बाजारातल्या टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक करून हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आणि ब्लीच कधीही, कधीही एकत्र टाकू नका, एकावर एक तर नाहीच नाही. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो. आमच्या एका हेल्परला या कारणाने दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

शेवंती
बादली ओतली. दोनदा. सगळं पाणी एका दमात गेलं, आवाजही छान घडघड आला, पातळी जागेवर. म्हणजे खालची बाजू नाही, बरोबर ना? दुसरं असं की फ्लश केला तर पाणी बाहेर उडतं, पण भांडं भरून आल्यासारखं अजिबात दिसत नाही.

स्थापत्य६८
मी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त अभियंता. सातव्या मजल्याचा मुद्दा कुणी उलगडलेला नाही, म्हणून लिहितो.

पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. शेवंतीताई दुसऱ्या मजल्यावर. सातवा मजला शेवटचा धरला तर त्यांच्या फरशीपासून गच्चीपर्यंत सहा मजल्यांची उंची, म्हणजे अठरा मीटर. टाकीचा ओटा आणि आतलं पाणी धरून, व्हॉल्व्ह जमिनीपासून मीटरभर वर आहे ते वजा करून, वीस मीटर धरायला हरकत नाही. म्हणजे दोन किलो. सातव्या मजल्याला हीच बेरीज पाच मीटरच्या आसपास येते, अर्धा किलो. तेच कमोड, तोच व्हॉल्व्ह, पण दाब चौपट. त्यांच्याकडे न उडणं आणि तुमच्याकडे उडणं, दोन्ही साहजिक आहे. मॉडेलला दोष देऊन भागणार नाही.

टाकी आणि फ्लश व्हॉल्व्ह यांतला मोठा फरकही हाच. टाकीतलं पाणी टाकीच्या उंचीवरूनच पडतं, तुम्ही पहिल्या मजल्यावर असा नाहीतर विसाव्या. फ्लश व्हॉल्व्हला मात्र गच्चीपासूनचा सगळा दाब थेट लागतो. म्हणून त्याच्या अंगातच कंट्रोल कॉक दिलेला असतो. पुढची प्लेट किंवा टोपी काढली की पेचकसाची खाच दिसते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की प्रवाह कमी. एका वेळी पाव फेरा, मग फ्लश करून बघायचं. अगदी बारीक करू नका, नाहीतर मैला पुढे ढकलला जाणार नाही आणि आडव्या लाइनमध्ये बसून राहील.

तुमच्या जुन्या कमोडला रिम होती. आत आलेलं पाणी आधी रिमच्या पोकळीत आपटून शांत व्हायचं, म्हणून दोन किलोचा दाब इतकी वर्षं कुणाला जाणवला नाही.

एक विनंती. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये वरून व्हिडिओ काढा. पाणी कुठून सुटतं, कुठे आदळतं, कुठे उसळतं ते डोळ्यांना दिसत नाही, व्हिडिओत दिसतं. आणि जमिनीवर चारही बाजूंनी वर्तमानपत्र पसरा, ओले ठिपके कुठे पडतात ते कळेल.

इसार_काठी
म्युनिकहून लिहितोय. इकडे रिमलेस भांडी आता सर्रास झालीत आणि ही तक्रार आम्हीही भोगली. या भांड्यात पाणी मागच्या एकाच तोंडातून येतं, तिथे दोन फाटे होतात, डावा आणि उजवा. दोन्ही कडेच्या खाचेवरून धावत पुढे येतात आणि बरोबर समोर एकमेकांना भिडून आत पडतात. जोर जास्त झाला की समोरासमोर टक्कर होऊन पाणी वर उडतं. इथल्या बऱ्याच भिंतीतल्या टाक्यांना व्हॉल्व्हखाली प्रवाह आवळायची रिंग असते, प्लंबरने ती एक खाच फिरवली आणि आमचा प्रश्न मिटला. तुमच्याकडे स्थापत्य६८ काका म्हणतात तो कंट्रोल कॉक तेच काम करेल.

शेवंती
काका, इसार_काठी, खूप आभार. कंट्रोल कॉक सापडला. प्लेटमागे होता, त्यावर पुट्टी बसली होती. रंगकाम करताना गेली असणार. टोकदार सुरीने खरवडून काढली. पाव पाव करत पाऊण फेरा फिरवला. पाणी उडणं अर्ध्याहून कमी झालं, पण थांबलं नाही. आणखी फिरवलं तर भांडं नीट साफ होत नाही, कागदाचा तुकडा टाकून पाहिला, तो खालीच गरगरत राहतो. म्हणून परत थोडं उघडलं.

व्हिडिओ काढला. बघून मी चकित झाले. तुम्ही म्हणता तसं पाणी दोन्ही बाजूंनी येतंय, पण सारखं नाही. उजव्या बाजूची धार जाड आहे, कडेवर जवळजवळ चढलेली. डावीकडची अगदी बारीक, अर्ध्या वाटेतच आत घसरते. मग उजवी धार समोर येते, तिला अडवायला कुणीच नसतं, ती तशीच वळून डाव्या पुढच्या कडेवरून बाहेर झेप घेते. वर्तमानपत्रावरही सगळे ठिपके डाव्या बाजूलाच. उजवीकडचा कागद कोरडा ठणठणीत.

हे वाकडं बसलंय का? स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिली, बुडबुडा मधोमध आहे.

नळजोड
ताई, शाब्बास. एवढं निरीक्षण माझ्या माणसांनी केलं तर अर्धी कामं पहिल्या फेरीत होतील. माझा संशय याच जागेवर होता.

भिंतीतून जो फ्लश पाइप येतो तो कमोडच्या मागच्या तोंडात रबरी बुशातून (सांधा बंद करणाऱ्या कड्यातून) शिरतो. त्याची लांबी नेमकी मोजून कापायची असते. कापला नाही किंवा कमी कापला, तर पाइपाचं टोक आतल्या पोकळीत पुढे घुसतं आणि पाणी जिथे दोन फाट्यांत वाटलं जातं त्या जागेलाच जाऊन टेकतं. मग पाणी सारखं वाटलं जात नाही, जिकडे फट जास्त तिकडे सगळं जातं. बुश तिरका दुमडला तरी हेच. तुम्ही आधी जमिनीवरचं कमोड वापरत होतात, त्याचा पाइप नव्या भांड्याला लावताना मिस्त्रीने सॉकेट टाकून वाढवला असणार आणि अंदाजाने सोडला असणार.

हे करायला भांडं काढावं लागेल, पण टाइल्स फोडायच्या नाहीत. घाबरू नका. भिंतीतून दोन बोल्ट आलेले असतात, त्यांच्या नटांवर टोपणं आहेत. कडेचं सिलिकॉन पातळ ब्लेडने कापायचं, नट सोडायचे, भांडं सरळ पुढे ओढायचं. वीस-पंचवीस किलो वजन असतं, दोन माणसं हवीतच. आधी व्हॉल्व्हचं पाणी बंद करा आणि भांड्यातलं पाणी मगाने उपसून स्पंजने टिपून घ्या. भांड्याच्या तोंडाची खोली भिंतीला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून मोजायची, पाइप भिंतीतून किती बाहेर आलाय ते मोजायचं, दोन्ही आकडे कागदावर लिहायचे आणि मग कापायचं. कापलेल्या टोकाची धार कानशीने घासून घ्या, नाहीतर नवा बुश चिरतो. बुश नवीनच घाला, त्याला ग्रीस नको, साबणाचं पाणी लावा. भांडं परत बसवताना नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आळीपाळीने आवळा. एकच बाजू घट्ट केली की चिनीमाती तडकते.

तुमच्याच प्लंबरला हा व्हिडिओ दाखवा. चांगला माणूस असेल तर बघून लगेच कळेल त्याला.

रानजाई
सिफॉनवालं वन पीस कमोड बसवून टाकलं असतं तर हा त्रास झाला असता का? आम्ही नवीन घर घेतोय म्हणून विचारते.

नळजोड
त्याची तऱ्हा वेगळी. सिफॉनवालं पाणी ओढून नेतं, आवाज कमी, उडणंही कमी. पण त्याच्या वळणाचा रस्ता जेमतेम दोन इंचांचा, लवकर तुंबतं. वॉशडाउनचा, म्हणजे शेवंतीताईंकडे आहे तशा कमोडचा, रस्ता मोठा, मैला ढकलून नेतं. पाण्याचा तुटवडा असेल, बादलीने ओतायची वेळ येत असेल तर वॉशडाउन बरं. घेण्याआधी तुमच्या ड्रेनेजचं तोंड भिंतीत आहे की जमिनीत आणि भिंतीपासून किती अंतरावर, एवढं मोजून दुकानात जा. निम्मे लोक रंग बघून घेतात आणि घरी आल्यावर बसत नाही.

सूक्ष्मदर्शी
मी मायक्रोबायोलॉजी शिकवते. धागा फिटिंगचा आहे, पण हे उडणारं पाणी म्हणजे फक्त ओली फरशी नाही, म्हणून लिहिते आहे. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी १९७५ मध्येच दाखवलं होतं की फ्लशबरोबर जंतू हवेत उडतात आणि बाथरूमभर बसतात. २०२२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाच्या अभियंत्यांनी हिरव्या लेझरच्या उजेडात हे चित्रित केलं. झाकण नसलेल्या सार्वजनिक टॉयलेटमधून निघालेले सूक्ष्म थेंब आठ सेकंदांत दीड मीटर उंच पोहोचले.

झाकणाबद्दल वर विचारलंय. २०२४ मध्ये गर्बा यांच्याच गटाचा अभ्यास आला, त्यात झाकण बंद केल्याने विषाणूंच्या पसरण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. अतिसूक्ष्म थेंब फटींतून निघतातच. मोठे शिंतोडे अडतात, एवढा उपयोग आहे. तेव्हा शेवंती, दुरुस्ती होईपर्यंत सीट आणि पुढची फरशी रोज जंतुनाशकाने पुसा, टूथब्रश आणि टॉवेल दुसरीकडे ठेवा, आणि आईंच्या पायात मागे पट्टा असलेली न घसरणारी चप्पल असू द्या.

शेवंती
टूथब्रश कालच हलवले. धन्यवाद. चप्पल उद्या आणते.

गोदाकाठ
थोडं वेगळं विचारतो, नवीन धागा काढत नाही. नाशिकला तळमजल्यावर राहतो. आमच्याकडे फ्लश न करताच कमोडमधलं पाणी उसळतं. सकाळी सात ते आठच्या दरम्यान बुड बुड आवाज येतो, बुडबुडे फुटतात आणि एकदोनदा पाणी सीटच्या वर उडालंय. मुलगी घाबरून बसायला तयार नाही. कमोड बदललं, फरक शून्य. वरती पाच मजले.

स्थापत्य६८
गोदाकाठ, कमोड बदलायची गरज नव्हती. हा तुमच्या घरातला दोष नाही, इमारतीचा आहे.

सकाळी वरच्या मजल्यांवर एकामागोमाग फ्लश होतात. उभ्या पाइपमधून पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा खाली ढकलत आणतं. तळाशी पाइप आडवा वळतो, तिथे पाण्याचा वेग एकदम कमी होतो, पाइप भरल्यासारखा होतो, आणि मागची हवा कोंडते. तिला जवळची वाट म्हणजे तळमजल्याचं कमोड. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाण्याचा अडथळा असतो, जोराची हवा तो सहज फोडून वर येते. म्हणून तळमजल्याचं कनेक्शन उभ्या पाइपला न जोडता वेगळ्या लाइनने थेट चेंबरला न्यायचं असतं. बिल्डरने पाइप वाचवला असेल तर हे भोगावं लागतं.

त्याआधी दोन गोष्टी बघा. एक, सकाळी त्याच वेळी बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून वरूनच पाहा. पाणी वाहतंय की साचलंय? साचलं असेल तर पुढची लाइन तुंबलीय, आधी ती मोकळी करा. दोन, गच्चीवर जाऊन त्या पाइपाचं वरचं तोंड उघडं आहे का ते तपासा. त्यावर जाळीची टोपी असते. वॉटरप्रूफिंग करताना किंवा पत्र्याची शेड टाकताना लोक ते बंद करून टाकतात.

चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका. कितीही उथळ वाटलं तरी नाही. आत विषारी वायू असतो आणि माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा आहे. मशीनची गाडी बोलवा, पैसे सोसायटीने द्यावेत.

सूक्ष्मदर्शी
काकांनी त्या ५० मिलिमीटर पाण्याचा उल्लेख केला म्हणून. २००३ मध्ये हाँगकाँगच्या ॲमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनरोगाचे तीनशेहून अधिक रुग्ण निघाले, त्यात नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालचे) कोरडे पडून ड्रेनेजमधली हवा घरात येणं हे एक मोठं कारण सापडलं होतं. गोदाकाठ, बुडबुड्यांनी ट्रॅपमधलं पाणी कमी होत असेल तर वास येईल. तोवर नहाणी ट्रॅपमध्ये रोज मगभर पाणी ओतत जा.

शेवंती
मंडळी, झालं! सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

प्लंबरला व्हिडिओ दाखवला. आधी गप्प उभा राहिला, मग मोबाईल हातात घेऊन स्वतः तीन वेळा पाहिला. म्हणाला, "ताई, पाइप लांब राहिलाय." त्याच्या धाकट्या भावाला घेऊन आज सकाळी आला. सिलिकॉन कापून, नट सोडून दोघांनी भांडं उचललं आणि गोणपाटावर आडवं ठेवलं. नळजोडदादा, तुम्ही बोललात तस्संच होतं. पाइप साडेतीन सेंटिमीटर जास्त आत जात होता. बुश डाव्या बाजूला दुमडून पाइपाखाली चेपला होता, बोटाने ओढला तर फाटूनच हातात आला. त्यामुळे डावा फाटा जवळजवळ बंद. पाइपाच्या टोकावर चिनीमातीला घासून पांढरा ओरखडासुद्धा उमटलेला दिसला.

मोजून कापला, कानस मारली, नवा बुश घातला. बुश ऐंशी रुपयांचा. भांडं बसवून पाण्याची लेव्हल पुन्हा पाहिली. मग कंट्रोल कॉक आधी होता त्यापेक्षा अर्धा फेरा बंद ठेवला. पुन्हा व्हिडिओ काढला. आता दोन्ही धारा सारख्या जाडीच्या येतात, समोर भेटतात आणि आत कोसळतात. कागदाचे चार तुकडे टाकले, चारही गेले. फरशीवर पसरलेलं वर्तमानपत्र कोरडं. प्लंबरने मजुरी घ्यायला नकार दिला, मी आग्रहाने भावाच्या हातात दिली.

आईला बोलावून दाखवलं. तिने स्वतः बटण दाबलं, वाकून फरशीला हात लावून पाहिला, आणि बादली बाहेर गॅलरीत नेऊन ठेवायला सांगितली.

सातारकर_आबा
वाचून फार बरं वाटलं बाळ. मी चुकीचं सुचवलं होतं, नळजोड यांनी समजावलं ते पटलं. आईंना नमस्कार सांग.

लिंबोणी
व्हिडिओ काढायची कल्पना लक्षात ठेवते. शेवंती, महिन्याभराने सिलिकॉनच्या कडेला ओल येतेय का तेवढं बघ.

गोदाकाठ
काका, गच्चीवर जाऊन आलो. आमच्या बाजूच्या पाइपाचं तोंड सापडेचना. शेवटी दिसलं. मागच्या वर्षी गच्चीला वॉटरप्रूफिंग केलं तेव्हा पाइप जमिनीलगत कापून वर सिमेंटचा थर दिलाय. फक्त गोल उंचवटा राहिलाय. बुडबुडे सुरू झाले तेही त्याच सुमाराला, आत्ता डोक्यात प्रकाश पडला. चेंबरमध्ये पाणी साचलेलं नाही, नीट वाहतंय.

काल सोसायटीची मीटिंग झाली. या धाग्यातला काकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. पाइप उघडून मीटरभर वर नेऊन टोपी बसवायचं ठरलं, सोमवारी काम. आमच्या फ्लॅटची वेगळी लाइन चेंबरला न्यायलाही मंजुरी मिळाली, अंतर सुमारे वीस फूट आहे. नळजोडदादा, या लाइनला उतार किती द्यायला सांगू? ठेकेदार म्हणतो डोळ्याने देतो.

नळजोड
डोळ्याने नको. चार इंची लाइनला चाळीस फुटांत एक फूट, म्हणजे तुमच्या वीस फुटांत सहा इंच. दोन्ही टोकांना पारदर्शक नळीने लेव्हल घ्यायला लावा आणि तुम्ही उभे राहा. कमोडच्या खालून निघताना काटकोनी बेंड एक न टाकता पंचेचाळीसचे दोन टाका, वळण सौम्य होतं आणि पाणी आपटत नाही. माती टाकायच्या आधी वरून दोन बादल्या ओतून चेंबरला पाणी येताना बघा. गच्चीचा पाइप आधी उघडा, दोन दिवस सकाळी बुडबुडे येतात का पाहा, मग खोदाई सुरू करा. आवाज पूर्ण थांबला तर खोदाईचा खर्च सध्या थांबवता येईल, नाही थांबला तर पुढचं काम काढा. सोमवारी काय झालं ते कळवा.